राष्ट्रभाषेचा मान आणि उर्दू



जळगांवच्या बाजारांत सकाळच्या प्रहरीं घटकाभर उभें राहिलें, तर पांच-सहा भाषा सहज कानांवर पडतात. यावल-रावेरकडून आलेला शेतकरी लेवा बोलींत भाव विचारतो; अमळनेर-पारोळ्याकडची बाई अहिराणींत घासाघीस करते; कापडाचा दुकानदार मुनिमाशीं मारवाडींत बोलून गिऱ्हाइकाला मराठींत उत्तर देतो; फळांच्या गाडीवरचा माणूस आपल्या मुलाला उर्दूंत हांक मारतो; आणि सातपुड्यांतून उतरलेलीं माणसें आपसांत पावरी किंवा भिली बोलतात. धुळ्याच्या बाजारांतहि थोड्याफार फरकानें हाच प्रकार. तरीहि भाषेमुळें कोणाचा सौदा अडून राहिला, असें मीं कधीं पाहिलें नाहीं. भाषेचें अडतें तें बाजारांत नव्हे. अडतें तें कचेरींत, शाळेंत आणि सभेंत.

बहुभाषी देशांत राष्ट्रभाषा म्हणून उर्दूचें कार्य काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. खानदेशांतल्या माणसाला या विषयाशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. कर्तव्य आहे, आणि तें जवळचें आहे. उर्दूला राज्याची भाषा करण्याचा एक मोठा प्रयोग आपल्या दक्षिण सीमेवरच्या अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे, मराठी माणसांवरच झाला. आणि पाटीवर उर्दू असावी कीं नसावी, याचा अगदीं अलीकडचा मोठा निवाडा आपल्या पूर्वेला, बुलढाण्यापलीकडच्या अकोला जिल्ह्यांतील एका लहान शहरावरून झाला. म्हणून हा प्रश्न दूरच्या लोकांचा आहे, असें मानून आपल्याला स्वस्थ बसतां येत नाहीं.

प्रथम 'राष्ट्रभाषा' या शब्दाचाच थोडा विचार करूं. हा शब्द आपण फार सैलपणें वापरतों. त्याच्या पोटांत निदान चार निरनिराळीं कामें आहेत. घरांत बोलण्याची व शाळेंत शिकण्याची भाषा, हें एक काम. अर्ज, हुकूम आणि निवाडे यांची, म्हणजे कारभाराची भाषा, हें दुसरें. निरनिराळ्या प्रांतांच्या लोकांनीं एकमेकांशीं बोलण्याची, म्हणजे दळणवळणाची भाषा, हें तिसरें. आणि ध्वजाप्रमाणें राष्ट्राची खूण म्हणून मिरविण्याची भाषा, हें चौथें. ज्या देशांत बहुतेक सर्वांची बोली एकच आहे, तेथें हीं चारी कामें एकच भाषा बिनबोभाट करते. जेथें बोली अनेक आहेत, तेथें चारी कामें एकीकडेच सोपविलीं, तर बाकीच्यांना ती जड होते, आणि त्या भाषेलाहि तें ओझें पेलत नाहीं. उर्दूच्या इतिहासावरून हें जितकें स्पष्ट दिसतें, तितकें दुसऱ्या क्वचितच एकाद्या भाषेच्या इतिहासावरून दिसत असेल.

उर्दू ही परदेशांतून आलेली भाषा आहे, असा समज आपल्याकडे पुष्कळांचा आहे. तो बरोबर नाहीं. तिची लिपि फारसी-अरबी वळणाची आहे आणि तिच्या कोशांत फारसी-अरबी शब्दांचा भरणा मोठा आहे, हें खरें. परंतु भाषेचा कणा म्हणजे तिचीं क्रियापदें आणि तिचे प्रत्यय. ते दिल्लीच्या आसपासच्या खडी बोलीचे, म्हणजे याच मातींतले आहेत. 'उर्दू' हा शब्द तुर्की असून त्याचा मूळ अर्थ छावणी. भाषेला हें नांव अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत रूढ होऊं लागलें. त्यापूर्वीं तिला हिंदवी, रेख्ता, आणि आपल्या दक्षिणेंत दखनी म्हणत. या दखनींत नकार देतांना 'नक्को' म्हणतात. तो आपलाच 'नको'. शब्दावर जोर देण्यासाठीं दखनी बोलणारा शेवटीं 'च' लावतो, तोहि मराठीचाच. औरंगाबादचा वली नांवाचा कवि १७०० च्या सुमारास दिल्लीस गेला. त्याचें काव्य ऐकून तिकडच्या फारसींत लिहिणाऱ्या कवींना आपल्या बोलींत लिहिण्याचा हुरूप आला. तेव्हां उर्दू काव्याच्या दिव्यांत पहिल्या तेलापैकीं कांहीं तेल आमच्या शेजारच्या जिल्ह्यांतलें आहे.

उलट दिशेनेंहि देवघेव झाली. खानदेशावर १३८२ पासून १६०१ पर्यंत फारूकी सुलतानांचें राज्य होतें. पुढें अकबरानें अशीरगड घेतला आणि बऱ्हाणपूर हें मोगलांच्या खानदेश सुभ्याचें ठाणें झालें. दरबारची भाषा फारसी होती. तिचे शब्द आमच्या शेतकऱ्याच्या तोंडीं असे बसले कीं, ते परके आहेत याची त्याला शंकाहि येत नाहीं. जमीन, हंगाम, खरीप, रब्बी, तालुका, जिल्हा, अर्ज, वकील, तारीख, मुदत, दलाल, बाजार हे सारे त्याच वाटेनें आलेले. शिवाजीमहाराजांनीं राज्यकारभारांतील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश तयार करविला. स्वराज्याला आपली भाषा हवी, हा त्यामागचा हेतु योग्यच होता, आणि त्यामुळें मराठीला कारभारांत मानाची जागा मिळाली. तरीहि पुढें पेशवे पेशवेच राहिले, फडणवीस फडणवीसच राहिले, आणि खरीप तर कोणीं बदललाच नाहीं. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं जुन्या मराठी पत्रांतले फारसी शब्द मोजून ते कसे वाढले व कसे ओसरले याचा अभ्यास केला होता. ते १९२६ च्या अखेरीस धुळ्यास वारले, आणि १९२७ मध्यें तेथेंच त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ स्थापन झालें. त्या अभ्यासावरून एवढें ध्यानांत येतें कीं, राज्य बदललें म्हणजे दरबारी शब्द जातात, परंतु जे शेतांत आणि बाजारांत रुजले ते राहतात. भाषेच्या बाबतींत शेवटचा हुकूम बोलणाऱ्याचाच चालतो.

आतां अजिंठ्याचा डोंगर ओलांडूं. इंग्रजी अमदानींत या डोंगराच्या अलीकडे खानदेश जिल्हा होता. १९०६ मध्यें त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, तेच हल्लींच्या जळगांव व धुळे जिल्ह्यांचें मूळ. पलीकडे निजामाचें राज्य. डोंगराच्या दोन्ही अंगांचीं माणसें मराठीच बोलत, एकमेकांच्या घरीं मुली देत. परंतु अलीकडचा मुलगा मराठी शाळेंत जाई आणि मामलेदार कचेरींत मराठींत अर्ज करी. पलीकडे १८८० च्या दशकांत फारसीच्या जागीं उर्दू ही राज्याची भाषा झाली. हैदराबाद संस्थानांत सुमारें निम्मे लोक तेलुगू बोलणारे, चतुर्थांश मराठी, आणि कानडी बोलणारेहि पुष्कळ. उर्दू ज्यांची घरची भाषा ते दहांत एक-दीड. आणि कचेरी, न्यायालय व वरचें शिक्षण हीं सारीं त्या दहांतल्या एकाच्या भाषेंत.

१९१८ मध्यें तेथें उस्मानिया विद्यापीठ निघालें. या विद्यापीठाची थोरवी प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. आपल्या मुंबई विद्यापीठांत त्यावेळीं इंग्रजीवांचून पान हलत नव्हतें. उस्मानियानें वैद्यक, स्थापत्य, कायदा, पदार्थविज्ञान हे सारे विषय उर्दूंतून शिकवून दाखविले. त्यासाठीं भाषांतराचें मोठें खातें उघडलें, शेंकडों ग्रंथ उर्दूंत आणले, हजारों पारिभाषिक शब्द घडविले. देशी भाषेंत उच्च शिक्षण अशक्य आहे असें म्हणणाऱ्यांना हें चोख उत्तर होतें. परंतु औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या पांच जिल्ह्यांतल्या मराठी मुलाच्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे चित्र पालटतें. त्याला इंग्रजी जितकी परकी, तितकी नसली तरी उर्दूहि घरची नव्हतीच. देशी भाषेचा विजय झाला, पण तो त्याच्या भाषेचा नव्हता. शिकायचें तर आधीं दुसऱ्याच्या घरची भाषा शिक, मग ज्ञान मिळव, हाच दंडक पुढें राहिला. १९३७ पासून महाराष्ट्र परिषदेनें आणि पुढें स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालीं स्टेट काँग्रेसनें जो लढा दिला, तो नागरिक हक्कांचा व जबाबदार राज्यपद्धतीचा होता. परंतु मातृभाषेंत शिकण्याचा हक्क हा त्यांतला एक जिव्हाळ्याचा धागा होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं तें राज्य संपलें.

यांतून दोन गोष्टी निघाल्या आणि दोन्ही लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, सक्ति संपतांच उर्दूचें विद्यापीठीय वैभवहि ओसरलें. उस्मानियांत इंग्रजी आली, आणि तीस वर्षें खपून घडविलेली परिभाषा कपाटांत गेली. राजाच्या मर्जीवर उभारलेलें भाषेचें घर राजाबरोबर पडलें, आणि त्यांत चांगल्या ज्ञानकार्याचेंहि नुकसान झालें. दुसरी गोष्ट अशी कीं, सक्तीबरोबर प्रेम मात्र गेलें नाहीं. त्याच संस्थानांत वाढलेल्या सेतुमाधवराव पगडी यांनीं पुढें मराठी वाचकांना उर्दू काव्याचा परिचय करून दिला. ज्या भाषेनें सत्ता गाजविली तिच्याविषयीं राग धरावयाचा, तर पगड्यांना तो धरण्यास कारण होतें. त्यांनीं त्या भाषेंतलें अमृत तेवढें उचलून आपल्या लोकांना आणून दिलें.

येथें आणखी एका विद्वानाचें स्मरण होतें. मौलवी अब्दुल हक हे उर्दूच्या प्रसारासाठीं १९०३ मध्यें स्थापन झालेल्या अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे चिटणीस. कित्येक वर्षें या संस्थेचें ठाणें औरंगाबादेस होतें. मराठीवर फारसीचा परिणाम कसा झाला, यावर त्यांनीं उर्दूंत पुस्तक लिहिलें. म्हणजे मराठीकडे ते जिज्ञासेनें पाहणारे होते. फाळणीनंतर ते पाकिस्तानांत गेले, आणि तेथें उर्दू हीच एक राष्ट्रभाषा असावी असा आग्रह त्यांनीं धरला. आपल्या भाषेवरचें प्रेम आणि शेजाऱ्याच्या भाषेचें ज्ञान हीं दोन्ही असूनहि माणूस या एका ठिकाणीं कसा घसरतो, याचें हें उदाहरण आहे. पाकिस्तानांत पुढें जें घडलें, तें मोठ्या प्रमाणावर हैदराबादचेंच दुसरें आवर्तन होतें.

१९४७ मध्यें पाकिस्तान झालें तेव्हां त्याच्या लोकसंख्येंत निम्म्याहून अधिक लोक बंगाली बोलणारे होते. उर्दू ज्यांची घरची भाषा, ते फार थोडे. फेब्रुवारी १९४८ मध्यें धीरेंद्रनाथ दत्त या सभासदांनीं घटनासमितींत बंगालीलाहि स्थान द्यावें अशी सूचना केली. ती फेटाळण्यांत आली. २१ मार्च १९४८ रोजीं महंमदअली जिनांनीं ढाक्याच्या प्रचंड सभेंत सांगितलें कीं, पाकिस्तानची राष्ट्रभाषा उर्दू आणि उर्दूच असेल. मौज अशी कीं, जिनांच्या स्वतःच्या घरची भाषा गुजराती होती. चार वर्षांनीं, २१ फेब्रुवारी १९५२ रोजीं, बंगालीच्या मागणीसाठीं निघालेल्या विद्यार्थ्यांवर ढाक्यांत गोळीबार झाला आणि तरुण मुलें मेलीं. १९५६ च्या घटनेंत उर्दूबरोबर बंगालीला स्थान मिळालें, पण मन दुखावलें तें दुखावलेंच. इतर कारणेंहि पुष्कळ होतीं. परंतु १९७१ मध्यें बांगलादेश वेगळा झाला, त्याची पहिली भेग भाषेनें पाडली, याविषयीं दुमत नाहीं. २१ फेब्रुवारी हाच दिवस १९९९ मध्यें युनेस्कोनें मातृभाषादिन म्हणून ठरविला.

उरलेल्या पाकिस्तानांतहि प्रश्न मिटला नाहीं. १९७२ मध्यें सिंधी भाषेला सिंध प्रांतांत राजमान्यता देण्यावरून कराचींत दंगे झाले. १९७३ च्या घटनेनें उर्दू ही राष्ट्रभाषा ठरविली, आणि पंधरा वर्षांत कारभार तींत आणावा असें लिहिलें. तें झालें नाहीं. २०१५ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला कीं, घटनेंतलें वचन पाळा. तरीहि वरिष्ठ कारभार इंग्रजींतच चालतो. २०१७ च्या खानेसुमारीप्रमाणें तेथें उर्दू मातृभाषा असणारे शंभरांत अवघे सात. न्यायानें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, पंजाबी, पठाण, सिंधी आणि बलुची माणसें एकमेकांना भेटतात तेव्हां उर्दूंतच बोलतात. पुष्कळ वर्तमानपत्रें आणि चित्रपट तिच्यांत चालतात. म्हणजे मघाशीं सांगितलेल्या चार कामांपैकीं तिसरें, दळणवळणाचें काम उर्दूनें तेथें उत्तम केलें. तें कोणाच्या हुकुमानें झालें असें नाहीं, सोईनें झालें. जेथें हुकूम आला, तेथें रक्त सांडलें.

आपल्या देशांत काय झालें? गांधीजींचा विचार असा होता कीं, उत्तरेंत सामान्य लोक बोलतात ती सोपी हिंदुस्थानी, नागरी आणि उर्दू अशा दोन्ही लिप्यांत लिहिली जाणारी, सर्व देशाच्या व्यवहाराची भाषा व्हावी. १९२५ च्या कानपूर काँग्रेसनें आपलें काम शक्य तों हिंदुस्थानींत चालविण्याचें ठरविलें. डिसेंबर १९३६ मध्यें पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखालीं आपल्याच फैजपूरला, खेड्यांत भरलेलें पहिलें काँग्रेस अधिवेशन झालें. मद्रास-बंगालपासून पेशावरपर्यंतचीं माणसें केळीच्या बागांच्या मुलखांत एकत्र आलीं, तेव्हां दळणवळणाची भाषा म्हणजे काय याचा पाठ त्या खेड्याला प्रत्यक्षच मिळाला असेल. १९४२ मध्यें गांधीजींनीं हिंदुस्थानीच्या प्रसारासाठीं वर्ध्यास सभा स्थापली. परंतु फाळणीनें मनें बदललीं. १४ सप्टेंबर १९४९ रोजीं घटनासमितीनें देवनागरी लिपींतील हिंदी ही संघराज्याची राजभाषा ठरविली. तिनें निवडलेला शब्द नीट ऐका: राजभाषा. 'राष्ट्रभाषा' हें पद भारताच्या घटनेनें कोणत्याहि भाषेला दिलेलें नाहीं. उलट आठव्या परिशिष्टांत प्रथम चौदा आणि आतां बावीस भाषा एका ओळींत बसविल्या. त्यांत मराठी आहे आणि उर्दूहि आहे. १९५६ च्या दुरुस्तीनें भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेंत मिळावें, असें कलम घातलें. चार कामें चार ठिकाणीं वांटून देण्याचा हा मार्ग आहे. त्यांत डौल कमी आहे, पण शहाणपण अधिक आहे.

परिणाम पाहा. जेथें उर्दू राष्ट्रभाषा नाहीं, त्या भारतांत २०११ च्या जनगणनेप्रमाणें उर्दू मातृभाषा सांगणारे पांच कोटींहून अधिक आहेत, आणि त्यांतले सुमारें पंचाहत्तर लक्ष आपल्या महाराष्ट्रांत आहेत. पाकिस्तानांतल्या उर्दू मातृभाषिकांपेक्षां ही भारतीय संख्या पुष्कळ मोठी. राष्ट्रभाषेचा मान नसतांना ही भाषा येथें जगली.

मात्र मान नसला म्हणजे अपमान सोसावा, असें नाहीं. पातूरचा खटला या संदर्भांत समजून घेण्यासारखा आहे. अकोला जिल्ह्यांतील पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवर वर मराठींत आणि खालीं उर्दूंत नांव होतें. एका माजी नगरसेविकेनें आक्षेप घेतला कीं, कारभार मराठींतच पाहिजे, पाटीवर उर्दू नको. नगरपरिषदेनें २०२० मध्यें बहुमतानें सांगितलें कीं, १९५६ पासून येथें उर्दूचा वापर होत आला आहे आणि गांवांत ती भाषा जाणणारे पुष्कळ आहेत. जिल्हाधिकारी एका बाजूचे, विभागीय आयुक्त दुसऱ्या बाजूचे, असें होत प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठांतून दिल्लीला गेलें. १५ एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति सुधांशु धुलिया आणि के. विनोद चंद्रन यांनीं आक्षेप फेटाळला. निवाड्याचा आशय असा: भाषा म्हणजे धर्म नव्हे, ती लोकांची असते, उर्दू याच भूमींत जन्मली, स्थानिक संस्थांच्या कारभाराची भाषा मराठी ठरविणारा राज्याचा २०२२ चा कायदा मराठीची सक्ति करतो, पण तिच्या जोडीला दुसरी भाषा लिहिण्यास बंदी करीत नाहीं. मराठीचें पहिलें स्थान अबाधित राहिलें आणि शेजाऱ्यालाहि पाटीवर ओळ मिळाली. पाटी लोकांना वाचतां यावी म्हणून असते, ही साधी गोष्ट सांगण्यास पांच वर्षें लागलीं.

आणि योगायोग असा कीं, त्याच्या दुसऱ्याच दिवशीं, १६ एप्रिल २०२५ रोजीं, महाराष्ट्र शासनानें पहिलीपासून हिंदी अनिवार्य करण्याचा निर्णय काढला. महाराष्ट्रभर विरोध झाला, आणि २९ जूनला यासंबंधींचे निर्णय मागें घेण्यांत आले. हिंदीचा द्वेष म्हणून हा विरोध झाला असें मला वाटत नाहीं. आमच्या घरांत हिंदी गाणीं रोज वाजतात. सहा वर्षांच्या मुलावर हुकूम नको, एवढेंच लोकांनीं सांगितलें. म्हणजे जी भावना १९४८ मध्यें ढाक्याला होती आणि त्यापूर्वीं मराठवाड्यांत होती, तिचाच एक अंश येथें दिसला. भाषा कोणतीहि असो, उर्दू, हिंदी किंवा आणखी एकादी, प्रश्न तोच आहे.

येथवर मीं दुसऱ्यांचे दोष सांगितले. आतां एक स्वतःचा सांगतों. मी खेड्यांतल्या एका शाळेंत मास्तर होतों. पहिलीच्या वर्गांत नवा आलेला एक मुलगा होता. वडील काय करतात, असें मीं विचारलें. तो उभा राहून म्हणाला, "मना बाप वावरमा शे." मुलें हंसलीं. मीं त्याला सांगितलें, "असें बोलूं नये. 'माझे वडील शेतांत आहेत' असें म्हण." तो खालीं बसला, आणि पुढें कित्येक दिवस माझ्या प्रश्नाला त्यानें उत्तर दिलें नाहीं. मला वाटे, मुलगा मंद आहे. एकदां सुट्टींत तो सोबत्यांना गोष्ट सांगत असलेला मीं दारामागून ऐकला. इतकी रसाळ आणि अस्खलित गोष्ट माझ्या वर्गांत कोणी सांगितली नव्हती. मंद मुलगा नव्हता. दार मीं बंद केलें होतें. मराठी शिकविणें हें माझें कर्तव्यच होतें. परंतु त्याची अहिराणी अशुद्ध ठरवून मराठी शिकविण्याची गरज नव्हती. उस्मानियाच्या दारांत मराठी मुलाची जी गत झाली, ती माझ्या वर्गांत माझ्याच हातून एका खानदेशी मुलाची झाली. २०११ च्या जनगणनेंत खानदेशी या नांवाखालीं अठरा लक्षांहून अधिक लोकांची नोंद आहे. ही बोली कांहीं मूठभरांची नव्हे. ज्याला आपल्या भाषेचा मान हवा, त्यानें आपल्याहून लहान भाषेशीं आपण कसे वागतों, हें आधीं पाहावें.

आतां व्यवहाराचें बोलूं. जळगांव, भुसावळ, रावेर, धुळे येथें उर्दू शाळा आहेत, आणि रस्त्यानें पुढें मालेगांव तर उर्दूचें मोठें केंद्रच आहे. या शाळांतल्या मुलांनीं उर्दूंतून शिकावें, हा त्यांचा हक्क आहे. परंतु ज्या मुलाला दहावीनंतर मराठींत अर्ज लिहितां येत नाहीं, त्याला कचेरीचें दार अर्धें बंद असतें. हें नुकसान त्याचें आहे आणि आपलेंहि आहे. महाराष्ट्रांत सर्व शाळांमध्यें मराठी शिकविणें २०२० च्या कायद्यानें सक्तीचें आहे. पण कायद्यानें तास मिळतो, शिक्षक मिळत नाहीं. उर्दू शाळेंत मराठीचा जो शिक्षक द्यावयाचा, तो गांवांतला उत्तमांत उत्तम असावा, आणि त्यानें मराठी ही परीक्षेची भाषा म्हणून न शिकवितां बाजाराची, दवाखान्याची आणि मैत्रीची भाषा म्हणून शिकवावी. उलटपक्षीं मराठी शाळांतल्या ज्या मुलांना हौस असेल, त्यांना उर्दू अक्षरओळख करून देण्यास काय हरकत आहे? शिवकालाचा अभ्यास करणाऱ्याला फारसी लिपीवांचून पुढें जातां येत नाहीं, आणि उर्दू अक्षरें ही तिची पहिली पायरी आहे. तिसरी गोष्ट, पहिलीच्या मास्तरानें पहिले कांहीं महिने मुलाचें उत्तर त्याच्या बोलींत स्वीकारावें. मग ती अहिराणी असो, लेवा असो, पावरी असो कीं भिली. या तिन्ही गोष्टींना मोठा खर्च लागत नाहीं. मन मात्र मोठें लागतें.

तेव्हां बहुभाषी देशांत उर्दूचें कार्य काय, या प्रश्नाचें माझें उत्तर असें आहे. सिंहासनावर बसण्याचें तिचें कार्य नाहीं. दोनदां तिला बसविलें आणि दोन्ही वेळां तिचें व लोकांचें नुकसान झालें. तिचें कार्य शेजारणीचें आहे. जिच्या घरांत ती बोलली जाते त्या मुलाला शहाणें करावें, ज्याला ऐकण्याची आवड आहे त्याला आपलें काव्य ऐकवावें, आणि देवघेव चालूं ठेवावी. हेंच कार्य हिंदीचें आहे, आणि आपल्या प्रांताचा कारभार संभाळून अहिराणीच्या संबंधांत मराठीचेंहि हेंच कार्य आहे. शेजारीण आपल्या ओट्यावर येऊन बसली, तर आपण तिला पाटावर बसवितों. घराचे मालक मात्र आपणच असतों. ती सांजवेळीं आपल्या घरीं जाते, आणि जातांना कांहीं शब्द मागें ठेवून जाते. खरीप, रब्बी आणि बाजार हे शब्द तसेच तर आले.